बाभळीपासून विहिरीपर्यंतची पावलं

“चेअरमनसाहेब, तुमच्या गाडीला क्लच न्हाई, गिअर टाकायचा ताप न्हाई, मग शर्यतीत ती जागेवरनं उठायलाच गाभण म्हशीवानी येळ कावून लावते?”

शिवकन्यानं प्रश्न विचारला आणि शाळेच्या मंडपात फक्त वरच्या कापडाची फडफड ऐकू यायला लागली. हेडसरांनी कपाळाला हात लावला. मागच्या रांगेत मुद्रिकानं ओढणीत तोंड खुपसलं. पैज तिचीच होती. ‘वक्तृत्वाचं पदक घेताना चेअरमन म्हणणार, पोरींनो, काय पण विचारा. मग तू हे विचारून दाखव. न्हाई विचारलंस तर तू भित्री.’ आता शिवकन्या नववीची, जिल्ह्यात दुसरी आलेली, गळ्यात ताजं ताजं पदक. तिला भित्री म्हटलेलं कसं चालेल?

प्रश्नात खोटं काहीच नव्हतं. मागच्याच रविवारी आटलेल्या तलावात साखर कारखान्याचे चेअरमन विठ्ठलराव यांची ऑटोमॅटिक गाडी आणि कारखान्याचेच डायरेक्टर धोंडीराम यांची जुनी जीप, अशी शर्यत झाली होती. बैलांच्या पटाला बंदी आली, आणि बंदी नसती तरी बैलं होती कुठं? निम्मी चारा छावणीत, निम्मी बाजारात. तेव्हा मोठ्या माणसांनी पटाची हौस गाड्यांवर भागवायला घेतली. झेंडी पडली तशी जीप सुटली. चेअरमनची गाडी आधी हुंकारली, मग विचार केला, मग निघाली. हरली. अख्ख्या गावानं पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं आठवडाभर सगळे वागले. पुढच्या महिन्यात कारखान्याची निवडणूक होती ना!

विठ्ठलराव खुर्चीत पुढं झुकले. “कुणाची गं तू?”

“भारतची.”

“भारत? पटावरला?”

“व्हय.”

“मग तुला येतं का गाडी उठवायला?”

इथं खाली बसायला पाहिजे होतं. पण गळ्यात पदक असलं की माणसाला खाली बसायचं सुचत नाही. “मला न्हाई, पण आण्णाला येईल. मी शिकवीन त्येन्ला.”

चेअरमन हसले. ते हसले म्हणून सगळा मंडप हसला. मग ते थांबले, तशी माणसंही थांबली. “शिकव. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, पटाच्याच येळेला, तलावातच. भारत जिंकला तर माझ्या गाडीवर कायमचा डायवर. आन हरला...” त्यांनी हेडसरांना विचारलं, “हार कुठंय, गुरुजी?”

पटावरला भारत म्हणजे केज तालुक्यात एकेकाळी ऐकलेलं नाव. धुरेवर उभा राहिला की बैलं त्याच्या श्वासावर पळायची, असं लोक म्हणायचे. पण दोन हंगाम झाले, कारखान्याचं धुराडं थंड होतं. ऊसच नाही तर गाळणार काय, आणि कारखान्याच्या ट्रॅक्टरवर बसणार कोण? आधी काम गेलं. मग कडबा संपला आणि हिऱ्या-पाखऱ्या ही बैलजोडी नेकनूरच्या बाजारात गेली. त्या दिवसापासून शिवकन्याचा आण्णा ओट्यावर बसून रिकाम्या दावणीकडं बघायचा. बोलायचा कमी, जेवायचा त्याहून कमी. भिंतीला चाबूक टांगलेला होता. शिवकन्याच्या मायनं, छबुबाईनं, तो दोनदा आत नेऊन ठेवला, दोन्हीदा तो परत खुंटीवर आलेला.

म्हणून शिवकन्या घरी पळत आली, धापा टाकत सगळं सांगून मोकळी झाली, तेव्हा तिची शिव्या खायची तयारी होती. आण्णानं शिव्या दिल्या नाहीत. तो उठला. ओट्यावरून खाली उतरून उभा राहिला.

“त्या गाडीला दोनच पायटे असतात म्हणं?”

“दोनच. एक ब्रेकचा, एक पळवायचा.”

“मंग डावा पाय काय करतो?”

“काहीच न्हाई. बसून ऱ्हातो.”

“हितंच चुकतंय,” आण्णा म्हणाला. “शर्यतीत कुणी बी बसून ऱ्हात न्हाई.”

छबुबाई चुलीपाशी होती. तिनं फक्त मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं, आणि एक भाकरी जास्तीची थापली.

*

आता हे सगळं शिवकन्याला कुठून ठाऊक? मुद्रिकाच्या भावाच्या मोबाईलवरून. तिथं परदेशातली माणसं ऑटोमॅटिक गाड्या कशा उडवतात त्याचे व्हिडिओ होते. भाषा कळत नव्हती, पण पाय दिसत होते. डावा पाय ब्रेकवर. उजवा पाय हळूच दाबायचा. गाडी जागेवर, इंजिन मात्र चढत जातं. खूण झाली की डावा पाय उचलायचा आणि उजवा खाली. बाण सुटतो.

असं का होतं, ते तिनं लाईट आली तेव्हा मुद्रिकाच्या घरी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून शोधून काढलं. एक चालू केला, दुसऱ्याची वायरच लावली नाही. चालू पंख्याच्या वाऱ्यानं बंद पंखाही फिरायला लागला. मुद्रिकानं बंद पंख्याची पाती मागून फडक्यानं दाबून धरली, शिवकन्यानं समोरचा पंखा तीनवर केला, आणि म्हणाली, “सोड!” पाती भर्रकन फिरली.

“गिअरच्या डब्यात असंच हाय,” शिवकन्या नाचत म्हणाली. “दोन पंखे, मधी वाऱ्याऐवजी तेल. धरून ठिवायचं, आन सोडायचं!”

“आन लई येळ धरलं तर?” मुद्रिकानं विचारलं.

“तेल तापतं. तीन मोजायचे, बस्स.”

आण्णाला हे सांगायला पंखे लागलेच नाहीत. चेअरमनच्या माणसानं गाडी तलावात आणून चावी हातात दिली, शिवकन्यानं दोन वाक्यं सांगितली, आणि आण्णाचा चेहरा उजळला. “आगं, हे तर पटावानीच हाय! कासरा ताणून धरायचा आन वरनं डिवचायचं. बैल मागच्या पायावर बसतो. झेंडी पडली की कासरा ढिला.” त्यानं दार लावलं. इंजिन चढलं, गाडीचं अंग कापलं, तोंड जरासं वर आलं. शिवकन्यानं ओढणी खाली टाकली.

गाडी उठली! गाभण म्हैस कुठली, पाखऱ्याच उठला!

तलाव म्हणजे आता तलाव राहिलाच नव्हता. भेगाळलेली माती, शिंपल्या, आणि कधीकाळी पाण्यात बुडून मेलेली एक काळी बाभूळ. गाळ काढणाऱ्या ट्रॅक्टरांनी ये-जा करून मधोमध एक पट्टा पक्का करून ठेवला होता. बाकी सगळीकडं भेगा, चाक जाईल अशा. पट्टा बंधाऱ्याच्या दगडी भिंतीपाशी सुरू व्हायचा आणि सरळ जायचा. सुरुवातीपासून काळ्या बाभळीपर्यंत शर्यत, बाभूळ ओलांडली की जिंकलं. बाभळीच्या पुढं पट्टा तसाच जायचा, जरा उताराला, थेट विहिरीपर्यंत.

विहीर म्हणायची पद्धत. ती एक खोदलेली खोल खाच होती, ना कठडा, ना पायरी. गावानं त्या वर्षी तलावाच्या पोटात खणलेली. रात्रभर तिच्यात झिरपायचं आणि सकाळी बायका तांब्या-तांब्यानं भरायच्या. टँकर आठवड्यातनं एकदा. बाकीचे दिवस ही खाच. नंबर लावायला प्रत्येकीचा एक दगड होता. दगड ओळीत ठेवायचा, की नंबर लागला. कुणाचा दगड कुणी हलवायचा नाही, चेअरमनच्या बायकोचा असला तरी. दगडांवर राखण बायनाबाईची, जिला सत्तरी कधीच उलटून गेली होती आणि जिचा स्वतःचा दगड कायम पहिला असायचा, कारण ती उठायचीच चारला.

*

पहिल्या दिवशी मोबाईलच्या घड्याळात साडेतेरा सेकंद आले. दुसऱ्या दिवशी तेरा. शिवकन्यानं वहीच केली. टायरातली हवा किंचित कमी केली, साडेबारा. इंजिन फार चढवलं की पुढची चाकं जागेवरच माती उकरतात, म्हणून इंजिनाचा काटा दीड हजारावर थांबवायचा, वर नाही. एसी बंद. डिकीतली स्टेपनी, चटई, चेअरमनच्या प्रचाराची पत्रकं, सगळं बाहेर. बारा पूर्णांक दोन!

बंधाऱ्यावर माणसं जमायला लागली. धोंडीरामचा मेहुणा बंकट, जो जीप चालवायचा, तोही येऊन बघून गेला. त्याचं तोंड एवढंसं झालं. “कावून बे बंकट, पोरीकडनं शिकवणी लाव की!” कुणीतरी ओरडलं.

आणि चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. वर चेअरमन हात जोडून, खाली फेटा बांधलेला आण्णा, आणि कोपऱ्यात गोल चौकटीत, पदक घालून, स्वतः कु. शिवकन्या भारत, मार्गदर्शक! ती तीन वेळा त्या रस्त्यानं गेली. एकदा दूध आणायला, एकदा पेन आणायला, आणि एकदा उगीचच.

घरात आण्णा पुन्हा जेवायला लागला होता. रात्री खाटेवर पडल्या पडल्या त्याचा डावा पाय हलायचा. धर, सोड. धर, सोड. छबुबाई हसून म्हणायची, “आवो, माझ्या पायावर नगा धरू.” घर असं हसून किती दिवस झाले होते!

त्यामुळं पाचव्या दिवशी सकाळी छबुबाईची घागर आणायला शिवकन्या विहिरीकडं गेली आणि बायनाबाई तिच्यावर खेकसली, तेव्हा तिला रागच आला.

“ए मार्गदर्शक! ही बघ.” बायनाबाईनं भरलेल्या घागरीवरचं फडकं काढलं. पाण्यावर धुळीचा थर होता, दुधावरच्या सायीसारखा. “काल पाऊण तास बसून भरलेली घागर हाय ही.”

“वाऱ्यानं आली असंल.”

“वारा तर तुझ्या जन्माच्या आधीपास्नं हाय, पोरी. पहिल्या दिशी धूळ आली न्हाई. दुसऱ्या दिशी दगडांपोतर आली. काल घागरीत. वारा असा रोज फुडं-फुडं सरकत येतो व्हय?”

शिवकन्यानं मागं वळून पाहिलं. आत्तापर्यंत ती कायम सुरुवातीला उभी होती, ओढणी घेऊन. सगळा गावच सुरुवातीला उभा असायचा, गाडी उठताना बघायला. शेवटाला फक्त बायका असायच्या. इथून, खाली बसलेल्या बाईच्या नजरेनं, तो पट्टा तिनं पहिल्यांदा बघितला. काळी बाभूळ फार जवळ दिसत होती.

ती बाभळीपर्यंत चालत गेली आणि तिथून चाकांच्या खुणा मोजत परत आली. पहिल्या दिवशीची गाडी थांबलेली खूण: नव्वद पावलं. तिथं आण्णानं उतरून तंबाखू थुंकला होता, ते तिला आठवत होतं. दुसरी, एकशे दहा. तिसरी, एकशे अठ्ठावीस. कालची एकशे पन्नास. आणि कालच्या खुणेच्या शेवटी मातीवर गिअरच्या लाल तेलाचे चार थेंब, वाळून काळे पडलेले. तिनं बोट लावून वास घेतला. कढईत काकवी करपल्यासारखा वास.

विहिरीची कड एकशे ऐंशी.

वहीत बारा पॉइंट दोन लिहिलेलं होतं. किती वेळात उठते, किती वेळात पळते, सगळं होतं. किती पावलांत थांबते, त्याचा रकानाच नव्हता.

*

“आण्णा, आज मी गाडीत बसते.”

“वजन वाढंल गं.”

“वाढू द्या.”

ती शेजारी बसली, सीटचा पट्टा आवळला आणि रस्त्याकडं न बघता आण्णाच्या पायांकडं बघत राहिली. डावा ब्रेकवर, उजवा चढवतोय. एक, दोन, तीन. आण्णा थांबला नाही. चार, पाच, सहा. गाडी अंगात आल्यासारखी थरथरत होती. आण्णाच्या ओठांतून बारीक आवाज येत होता, “हां... हां... हां माझ्या राजा...” बैल तापल्याशिवाय तो कधी सोडायचाच नाही. सात. मुद्रिकानं ओढणी टाकली.

मान मागं आपटली. काळी बाभूळ अंगावर आली आणि निघून गेली.

“हौ!” आण्णा ओरडला. “हौऽऽ!”

आणि शिवकन्यानं ते पाहिलं.

पटात बैल थांबवायचे तर धुरकरी काय करतो? दोन्ही पाय पुढं रेटतो, धुरेला लावतो, आणि सगळं अंग मागं टाकून कासरा ओढतो. आण्णानं तेच केलं. दोन्ही पाय पुढं रेटले, डावा ब्रेकवर आणि उजवा पळवायच्या पायट्यावर, दोन्ही शेवटापर्यंत. हातांनी स्टेअरिंग छातीकडं ओढत तो मागं रेलला. गाडी एकाच वेळी थांबतही होती आणि पळतही होती. इंजिन किंचाळत होतं. सुरुवातीला जे तिनं शिकवलं, डावा ब्रेकवर, उजवा खाली, तेच आता शेवटाला होत होतं. फक्त सोडणारं कुणी नव्हतं.

समोर बायका उठून उभ्या राहिलेल्या दिसल्या. एकीची रिकामी घागर गडगडत गेली आणि खाचेत पडली. ती तळाला लागल्याचा आवाज आला, तेव्हा गाडी थांबलेली होती.

एकशे बासष्ट. शिवकन्यानं उतरून मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं.

“आण्णा, तुमी थांबताना दोनी पाय दाबता.”

“ह्या! ब्रेकच दाबतो की.”

“दोनी दाबता. मी बगितलं. उजवा उचलायला पायजे.”

“बरं, उचलतो.” त्यानं लहान पोराला समजवावं तसं म्हटलं.

त्यांनी सावकाश करून पाहिलं. सावकाश नेली की आण्णाचा उजवा पाय बरोबर उचलला जायचा, डावा दाबायचा, गाडी गुमान थांबायची. “बघ! उगा भेदरलीस.” मग जोरात नेली, उलट्या बाजूला, थोड्याच अंतरावर. आणि “हौ” तोंडातून निघाला की दोन्ही पाय पुढं. तिसऱ्यांदाही तेच. आण्णाला ते कळतच नव्हतं. डोकं उचल म्हणत होतं, पण पाय डोक्याचं ऐकायच्या आधीच तीस वर्षांचं ऐकून बसलेले. तिनं शेवटी त्याच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा आण्णानं तो झटकला. “आता पुरं! शर्यत उद्यावर आली, आन तू मला पाय कुठं ठिवायचा ते शिकवती?”

हे बोलताना त्याला विसर पडला, की पाय कुठं ठेवायचा ते आजवर शिकवलं तिनंच होतं.

*

ती चेअरमनच्या वाड्यावर गेली. एकटी. मुद्रिका फाटकापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

विठ्ठलराव चहा पीत होते. फेटेवाला मोजमाप घेत होता.

“साहेब, पट्टा बदला. न्हाईतर आण्णाला बदला.”

“का गं, मार्गदर्शक?”

तिनं सांगितलं. पावलं सांगितली, तेलाचे थेंब सांगितले, दोन्ही पाय सांगितले. चेअरमननी सगळं ऐकून घेतलं. ऐकायची त्यांची रीत चांगली होती. सभासदांचं ऐकून ऐकून ती आलेली.

“अठरा पावलं शिल्लक हायेत ना?”

“आज हायेत. पण उद्या शर्यत खरी हाय. आण्णा आजून जोरात नेतील.”

“उलट्या बाजूनं न्यावी म्हणशील, तर तिकडं बंधारा हाय, दगडाचा. बाजूला न्यावी तर भेगा.” त्यांनी कप खाली ठेवला. “मग बायकांनी तासभर लांब बसावं. सांगतो त्यांना.”

“त्या उठणार न्हाईत. यात्रेला पावणे आलेत घरोघर. पाणी सकाळच्याच येळात मिळतं, आन उन्हं चढली की तळाला जातं.”

“मग काय करावं म्हणतेस? शर्यत रद्द? चौकात फ्लेक्स लागलाय. तुझापण फोटो हाय त्यात.” ते आता हसत नव्हते. “त्या दिवशी सगळ्या गावासमोर तू मला विचारलंस, गाडी उठत कावून न्हाई. मी उत्तर दिलं न्हाई. उद्या नऊ वाजता देतो. जा.”

फाटकाशी मुद्रिका म्हणाली, “काय म्हणले?”

“काय न्हाई.”

“अगं पण...”

“मुद्रे, तू मला पैज लावायच्या आधी जरा जास्तीचा विचार करत जा.”

“विचार तू करायचास. तू तर हुशार हायस.”

चौकात फ्लेक्सवरची शिवकन्या पदक घालून हसत होती. तिनं मान खाली घातली आणि ती तलावाच्या वाटेला वळली.

ऊन उतरलं होतं. विहिरीपाशी बायनाबाई उद्याचे दगड लावून घेत होती. एकेक बाई येऊन आपला दगड ठेवून जात होती. छबुबाईचा दगड, तांबडा, तिरपा तुटलेला, आठवा होता. आठवा नंबर म्हणजे बरोबर नऊ वाजता. शिवकन्यानं मनात हिशेब केला: गाडी सुटेल तेव्हा माय बरोबर इथं, कडेला बसलेली असेल.

“आजी, नऊ वाजता तुमी बाजूला बसाल का?”

“मी कुठं बसणार? जन्म गेला माझा पाण्याच्या कडंला.” बायनाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. “गाडी थांबंल की. तुझा बाप लई चांगला धुरकरी हाय. बैलं त्याचं ऐकायची.”

“ती बैलं न्हाईत, आजी.”

“ते तू त्याला सांग. मला कावून सांगती?”

लांबवर बंधाऱ्यावर पोरांनी पताका बांधायला घेतल्या होत्या. पट्ट्यावरून एक वावटळ उठली, बाभळीपासून सरळ खाली आली, दगडांच्या ओळीवरून गेली आणि खाचेवर येऊन विरली. शिवकन्या वाकली. तिनं मायचा तांबडा दगड उचलला. बायनाबाईनं तोंड उघडलं, पण पुढं पोरीनं काय केलं ते बघून परत मिटलं.

*

दिवेलागणीला आण्णा ओट्यावर फेटा उलगडून बसला होता. केशरी, पट जिंकल्याच्या वेळचा. त्याला कापराचा वास येत होता. भिंतीवरचा चाबूक त्यानं तेल लावून लखलखीत केला होता. गाडीत त्याचा उपयोग काय, हे कुणी विचारलं नव्हतं. छबुबाई राखेनं घागर घासत होती, उद्यासाठी.

“आली व्हय?” आण्णा म्हणाला. “ये, बस. हे टोक धर. आन झेंडी टाकताना हात पुरा वर ने, आखडता नगं. मी तुझ्या हाताकडंच बगणार हाय.”

शिवकन्यानं फेट्याचं टोक हातात घेतलं नाही. तिनं ड्रेसच्या खिशातून तांबडा दगड काढला आणि दोघांच्या मधे, ओट्यावर ठेवला. छबुबाईचे हात घागरीवर थांबले.

“हा माझा दगड हाय,” माय म्हणाली. “हितं कावून आणलास? नंबर जाईल की गं!”

“नंबर गेला न्हाई. त्या जाग्यावर मी माझा ठिवलाय.” तिचा आवाज मंडपात होता तसाच मोठा आला. तिला वाटलं होतं कापेल. “माय, उद्या पाणी मी भरणार हाय. तू घरी ऱ्हायचं.”

“आन झेंडी?” आण्णानं विचारलं.

“झेंडी कुणाला बी टाकायला सांगा. मी सुरुवातीला न्हाई, आण्णा. तुमी गाडी पळवायची तर पळवा, मी आडवणार न्हाई. पण नऊ वाजता मी विहिरीच्या कडंला बसलेली आसंल, बायनाआजीच्या शेजारी, तुमच्या बरोबर समोर. आन तुमी थांबंपर्यंत मी उठणार न्हाई.”